मदत हवी आहे: एका कर्नल मॉड्यूलमधलं फंक्शन दुसऱ्यात वापरताना अडलोय

नमस्कार मंडळी,

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर तापमानाच्या सेन्सरसाठी दोन वेगळी लिनक्स मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, वरून जोडायचे कोडचे तुकडे) लिहितोय. पहिल्यात 'सेन्सर_वाचा' हे फंक्शन आहे, स्टॅटिक (त्याच फाइलपुरतं) नाही, खाली एक्स्पोर्ट_सिम्बॉल_जीपीएलही लावलंय, म्हणजे जीपीएल या मुक्त लायसन्सची इतर मॉड्यूल ते वापरू शकतील. दुसरं तेच फंक्शन बोलावतं. त्याचं लायसन्स जीपीएलच आहे. हेडर दोघांना एकच.

आधी दुसरं बिल्ड करताना मॉडपोस्ट (बिल्डच्या शेवटी फंक्शनांची नावं जुळवणारा प्रोग्रॅम) 'अनडिफाइन्ड' म्हणून थांबायचा. पहिल्याची मॉड्यूल.सिमव्हर्स फाइल (एक्स्पोर्ट केलेल्या नावांची यादी) दुसऱ्याच्या फोल्डरात कॉपी करून केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्स या बिल्डच्या व्हेरिएबलमध्ये तिचा पूर्ण पाथ दिला, तेव्हा सुटलं. पहिलं आधी, दुसरं नंतर, असं इन्समॉड केलं (कर्नलमध्ये लोड केलं) की चालायचंही.

काल फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवलं, दोन्ही पुन्हा बिल्ड केली. आता डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) येतं, 'डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल सेन्सर_वाचा'. कर्नलमध्ये मॉडव्हर्जन्स (लोड करताना फंक्शनांची व्हर्जन तपासणारी सोय) चालू आहे. कॉपी केलेली सिमव्हर्स जुनीच राहिली, म्हणून सीआरसी (फंक्शनच्या स्वरूपावरून काढलेला तपासणी-आकडा) जुळत नसेल का? सकाळपासून याच एका ओळीवर अडकलोय.

शिवाय, दोन्ही फोल्डरांवर एकच केबिल्ड फाइल (काय बिल्ड करायचं ते सांगणारी) ठेवून एकत्र बिल्ड करणं बरं, की दोन्ही सोर्स फाइल एकाच मॉड्यूलमध्ये घालून एक्स्पोर्टची भानगडच टाळावी? पुढे तिसरं मॉड्यूलही हेच फंक्शन वापरणार आहे, म्हणून वेगळं ठेवावंसं वाटतं. कोणी असं केलं असेल तर मेकफाइल दाखवा, प्लीज.