कपाटामागे बुरशी, प्युरिफायरला कुबट वास : डीह्युमिडिफायर घ्यावा का, किती लिटरचा?

पागोळी

नमस्कार. खोली १२ × १० फूट, छत साडेनऊ फुटांवर, ठाण्यात तिसरा मजला. हवेचा प्युरिफायर आहे, सीएडीआर (म्हणजे किती हवा स्वच्छ करून देतो तो आकडा) तासाला २५० घनमीटर. जुलै लागल्यापासून तीन अडचणी आहेत.

भिंतीला टेकवलेल्या लाकडी कपाटाच्या पाठीला आणि खालच्या कप्प्यात हिरवट-काळी बुरशी येते. त्या भिंतीपलीकडे मुलांची खोली आहे, तिथे रात्रभर एसी २० वर असतो. दुसरं, प्युरिफायर सुरू केला की पहिली दहा मिनिटं ओल्या पोत्यासारखा वास येतो. आणि तिसरं, बाहेर धो धो पाऊस पडत असतानाही प्युरिफायरच्या पडद्यावर पीएम २.५ चा (हवेतल्या अगदी बारीक कणांचा) आकडा ८०-९० दिसतो.

आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवतो. प्युरिफायर दिवसभर चालवला तरी तो ढिम्म. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) घ्यायचा तर किती लिटरचा? की एसीचा ड्राय मोड पुरेल?

दवबिंदू

प्युरिफायर कितीही मोठा घेतलात तरी आर्द्रता उतरणार नाही. फिल्टर धूळकण धरतो. वाफ हा वायू आहे, ती धाग्यांमधून आरपार जाते.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती म्हणजे पलीकडच्या खोलीतला २० वरचा एसी. २८ अंशांना ८८ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ च्या जरासा खाली येतो. म्हणजे तुमच्या खोलीतली जी वस्तू त्याहून गार, तिच्यावर पाणी धरणार. मधली भिंत बहुधा साडेचार इंची विटेची असेल. उघड्या भिंतीला खोलीतल्या हवेची ऊब मिळते, म्हणून तिचा पृष्ठभाग २५-२६ वर राहतो. कपाटामागे ती ऊब पोचतच नाही, तिथे भिंत २३ च्या आसपास उतरते. म्हणून बुरशी नेमकी कपाटामागे आहे आणि शेजारची मोकळी भिंत कोरडी दिसते.

तरीही खात्री करून घ्या. कपाट सरकवा, भिंत कोरडी पुसा आणि एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला धरलं तर ते हवेतलं आहे. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे धरलं तर भिंतीतच ओल आहे, म्हणजे पाइप गळतोय किंवा बाहेरच्या गिलाव्यातून पाझर आहे. तसं असेल तर कुठलंही यंत्र घेऊ नका, आधी प्लंबर बोलवा.

पलीकडचा एसी २६ वर ठेवून पंखा लावलात तर पाणी धरणं थांबेल. बुरशी मात्र त्याने थांबणार नाही, कारण तिला थेंब लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली तरी तिला पुरतं. म्हणून एसी २६ वर, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खोलीची आर्द्रता ६० च्या आत, या तिन्ही गोष्टी लागतील.

जाळी_आणि_घडी

प्युरिफायरबद्दल लिहितो.

वासाचं कारण बहुधा फिल्टरमधला वास शोषणारा कार्बनचा थर. दमट हवेत तो वाफही शोषतो, मग वासासाठी जागा उरत नाही, आणि आधी धरलेले वास सुटू लागतात. त्यात बाहेरच्या जाळीवर धुळीची साय असेल आणि यंत्र दिवसभर बंद असेल तर त्या ओल्या धुळीतच बुरशी रुजते. जाळी साबणाच्या पाण्याने धुवा, पण पावसाळ्यात ती दोरीवर वाळत नाही. पंख्याखाली पूर्ण दिवस ठेवा, नाकाशी धरून बघा आणि मगच बसवा. अर्धवट ओली जाळी बसवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण ती ओल थेट हेपावर, म्हणजे बारीक कण धरणाऱ्या आतल्या फिल्टरवर जाते.

हेपा कधीच धुवायचा नाही. बऱ्याच घरगुती फिल्टरांतल्या पॉलिप्रोपिलीनच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, बारीक कण त्याला ओढले जातात. साबण आणि स्पिरिट तो भार घालवतात. फिल्टर दिसायला तसाच राहतो, पकड जाते. उन्हात ठेवूनही वास जात नाही. हेपाच्या घडीतच कुबट वास असेल किंवा काळे ठिपके असतील तर तो बदला.

फक्त आत्ता बदलू नका. पाऊस हवा धुऊन काढतो. आपल्याकडे प्युरिफायरची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नवा फिल्टर ऑक्टोबरमध्ये बसवा, तोवर तो कंपनीच्या बंद पिशवीतच राहू दे. (बसवताना ती पिशवी काढायची असते. हे सांगावं लागतं, कारण पिशवीसकट चालवलेली यंत्रं खरंच असतात.)

८०-९० चा आकडा : आतला सेन्सर कणांवरून परतणारा लेझरचा प्रकाश मोजतो. आर्द्रता ८० च्या वर गेली की मीठ, धूर, धूळ यांचे कण पाणी पिऊन फुगतात, जास्त प्रकाश परतवतात आणि सेन्सर त्यांना जास्त धूळ समजतो. तपासायचं असं : दारं-खिडक्या बंद करून अर्धा तास पूर्ण वेगावर चालवा. तुमची खोली ३२ घनमीटर आहे, २५० चा सीएडीआर म्हणजे तासाला जवळपास आठ वेळा हवा गाळली जाते. अर्ध्या तासात आकडा निम्म्याच्या खाली आला तर कण खरे होते. मग उदबत्ती, डासांची कॉइल किंवा फोडणीचा धूर शोधा. जागचा हललाच नाही तर सेन्सरच्या झाकणाखालची भिंग कोरड्या इअरबडने हलकेच पुसा. तरीही तोच आकडा असेल तर दोष दमटपणाचा समजा आणि आकडा सोडून द्या.

एक विनंती. रात्री सायलेंट मोडवर ठेवून "यंत्र चालू आहे" असं समजू नका. त्या वेगाला सीएडीआर बऱ्याच यंत्रांत तिसऱ्या हिश्शावर येतो. हिवाळ्यात मधला वेग ठेवा.

दवबिंदू

आता लिटरचा हिशोब. ८८ वरून ५५ टक्क्यांवर यायचं तर दर घनमीटर हवेतून सुमारे ९ ग्रॅम पाणी काढायचं. ३२ घनमीटरचे झाले २९० ग्रॅम, एक चहाचा टोप. म्हणजे खोलीतलं पाणी फार थोडं आहे. भार येतो तो बाहेरून आत येणाऱ्या हवेचा. फटींतून तासाला एकदा पूर्ण हवा बदलत असेल तर दर तासाला तेवढंच पाणी परत येतं, दिवसाला सात लिटर. दाराच्या फटीला ब्रश-पट्टी आणि खिडक्यांना रबर लावून हे निम्म्यावर आणलं तर साडेतीन लिटर. दोन माणसं रात्री झोपली की अर्धा लिटरच्या वर. खोलीत मशीनमधून काढलेले कपडे वाळत घातले तर आणखी दोन लिटर तरी.

खोक्यावरचा "१२ लिटर" हा आकडा बहुतेक कंपन्या ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजतात. खोली ६० वर आली की तेच यंत्र साधारण निम्मं पाणी काढतं. कपडे बाहेर वाळवणार असाल तर १२ लिटरचं यंत्र जेमतेम पुरेल. माझं मत १६ ते २० लिटरचं घ्यावं, ते कमी वेळ चालेल. कॉम्प्रेसरचंच घ्या. दोनतीन हजारांचे छोटे, बिनकॉम्प्रेसरचे पेल्टियर डबे दिवसाला काहीशे मिलीच काढतात, तुमच्या खोलीला ते काहीच नाही.

उकाड्याची तयारी ठेवा. एक लिटर पाणी धरताना विजेच्या जवळपास ०.७ युनिटाइतकी उष्णता सुटते. तासाला ३०० मिली ओढणारं २५० वॅटचं यंत्र खोलीत ४५० वॅटच्या हीटरसारखं वागतं, बंद खोली दोनतीन अंशांनी तापते. म्हणून ते शक्यतो खोली रिकामी असताना चालवायचं. टाकी उपसत बसू नका, मागच्या नळीने पाणी न्हाणीघरात सोडा. नळीला सलग उतार हवा. मध्ये पोट आलं की पाणी तुंबतं आणि यंत्राखाली तळं होतं.

पागोळी

प्लास्टिक लावून पाहिलं, पाणी बाहेरच्या बाजूला होतं. एसी आता २६ वर. ड्राय मोडचं राहिलं. आणि आर्द्रतामापक स्वस्तातला आहे, त्याचा ८८ खरा मानायचा का?

शिंपी_वाडा

मापक मिठाने तपासता येतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतकंच होईल एवढे पाण्याचे थेंब घाला. मीठ विरघळून पाणी झालं तर चुकलं, पुन्हा करा. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ८० दिसले तर प्रत्येक वेळी पाच वजा करा.

ड्राय मोड खोलीत माणसं असताना चांगला, कारण तो गारही करतो. पण पावसाळ्यात बाहेर २६-२७ असतात, खोली चटकन गार होते आणि कॉम्प्रेसर थांबतो. त्या वेळी पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडतं. दोन-तीन तास चालवूनही मापक ६५ च्या खाली येत नसेल तर हेच होतंय. दीड टनाचा एसी लहान खोलीत असला की हा त्रास हमखास.

बुरशी काढताना एन९५ मास्क, हातमोजे, पंखा बंद, खिडकी उघडी. कोरड्या फडक्याने झटकू नका, बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मग लाकडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा, जवळ ज्योत नको. ब्लीच लाकडाच्या आत शिरत नाही, वरचा डाग फक्त पांढरा करतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. प्युरिफायर मात्र हे चालू असताना आणि नंतर दोन तास पूर्ण वेगावर ठेवा. पावसाळ्यातलं त्याचं खरं काम हेच.

कपाटाच्या बंद कप्प्यात कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण सरळ उभे, आणि कातडी वस्तूंपासून लांब. त्यातलं पाणी सांडलं तर पट्टा, पर्स कडक होऊन फुटतात, आणि बिजागरी गंजतात. डबा भरला की लगेच बदला.