मदत हवी आहे: विंडोज ११ ला धक्का न लावता उबंटू टाकायचंय, इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

नमस्कार मंडळी, लॅपटॉप धाकट्या बहिणीचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती आणि लॅबमध्ये सगळं लिनक्सवर चालतं म्हणून तिला घरीपण हवंय, पण विंडोज उडवून चालणार नाही कारण कॅडचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच आहे.

मी उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २४.०४ चा पेनड्राइव्ह बनवला, फास्ट स्टार्टअप बंद केलं, डिस्क मॅनेजमेंटमधून ६० जीबी जागा मोकळी केली (एसएसडी ५१२ ची आहे). इथपर्यंत सगळं ठीक. पण इन्स्टॉलर म्हणतो आरएसटी (इंटेलची डिस्क सांभाळायची पद्धत) चालू आहे, आधी बंद करा, आणि डिस्क काही दाखवत नाही. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन त्याऐवजी एएचसीआय (डिस्क चालवायची साधी पद्धत) केलं तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं, परत आरएसटी केल्यावर सुरू झालं तेव्हा जिवात जीव आला.

आता वाचलं की आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमधून सेफ बूट (मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होणं) लावायचं, मग रीस्टार्ट करताना एएचसीआय करायचं, म्हणजे विंडोज बरोबर ड्रायव्हर उचलतं. कुणी स्वतः केलंय का हे? बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू आहे, रिकव्हरी की लिहून ठेवलीय, पण तो नुसता सस्पेंड करून भागतं की पूर्ण डिक्रिप्ट करावं लागतं?

अजून एक, दोन्ही सिस्टीम असल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं ना, (लिनक्स लॅपटॉपच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच लोकल समजतं), ते लिनक्सकडून लोकल टाइम करून सोडवायचं का विंडोजकडून? सबमिशन जवळ आलंय तिचं, बॅकअप घेतलाय तरी चुकायची भीती वाटते. प्लीज सांगा.