शेवट मालिकेत पाहिला. आता सहाव्या खंडाची वाट कशासाठी पाहायची?

शिशिर (प्रश्न)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पाचवा खंड मी गेल्या आठवड्यात वाचून संपवला. तिच्यावर आधारलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची आठही पर्वे मी पूर्वीच पाहिली होती, 2019 साली शेवटच्या पर्वाचे सहा भाग तर दर सोमवारी पहाटे उठून, कामावर निघण्यापूर्वी पाहिले होते. आता पुस्तके वाचल्यावर लक्षात येते की मालिकेतील कितीतरी प्रसंग पुस्तकात नाहीत आणि पुस्तकातील काही महत्त्वाची पात्रे मालिकेत औषधालाही सापडत नाहीत.

पाचवा खंड जुलै 2011 मध्ये आला, मालिका त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. मालिका 73 भाग पूर्ण करून संपली, तरी सहावा खंड, ‘द विंड्स ऑफ विंटर’, अद्याप आलेला नाही. लेखकाने कथेच्या शेवटाचा ढोबळ आराखडा मालिकेच्या निर्मात्यांना सांगितला होता, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मग शेवट कळलेला असताना वाट पाहण्यासारखे नेमके काय उरते? पाचव्या खंडाने मला झपाटून टाकले आहे, म्हणून हे कळकळीने विचारत आहे. (ज्यांनी पुस्तके वाचलेली नाहीत त्यांनी पुढील प्रतिसाद वाचू नयेत, कथानक फुटेल.)

उत्तरवारा

आपण नुकताच पाचवा खंड वाचला आहे, तर उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीवरील पहारेकऱ्यांचा सेनापती जॉन स्नो याच्यावर त्याच्याच माणसांनी केलेला हल्ला आपल्या मनात ताजा असेल. तो प्रसंग पुस्तकात आणि मालिकेत शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मालिकेत जॉनला खोटा निरोप देऊन बाहेर बोलावले जाते, तेथे ‘गद्दार’ असा फलक लावलेला असतो, आणि भिंतीपलीकडच्या लोकांना त्याने आत घेतले हा राग सुऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पुस्तकात तो राग आहेच, पण ठिणगी वेगळी आहे. जॉनचे लहानपणीचे घर असलेला विंटरफेल गड बळकावून बसलेल्या रॅम्सीचे उद्दाम पत्र येते, जॉन ते भर सभेत वाचून दाखवतो आणि आपण विंटरफेलवर चालून जाणार असे जाहीर करतो. पहारेकऱ्यांनी राज्याच्या भांडणात पडायचे नाही, ही शपथ त्या क्षणी त्यांचा सेनापती स्वतःच मोडतो. म्हणूनच पहारेकऱ्यांपैकीच एक, बोवेन मार्श, त्याच्या पोटात सुरा खुपसतो तेव्हा मार्शच्या गालांवर अश्रू ओघळत असतात. त्या अश्रूंपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. मारणारा माणूस दुष्ट नाही, त्याच्या दृष्टीने तो कर्तव्य करतो आहे, आणि मरणारा पूर्णपणे निर्दोष नाही. घटना तीच राहिली, कारण बदलले आणि कारणासोबत घटनेचा अर्थही बदलला.

सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसची लहान मुलगी शिरीन हिचेही असेच होणार, असे मला वाटते. तिला अग्नीच्या स्वाधीन केले जाणे ही लेखकाचीच कल्पना आहे, असे निर्मात्यांनी सांगितले होते. मालिकेत तिचा बाप स्टॅनिस स्वतः तो निर्णय घेतो. पुस्तकात मात्र तो विंटरफेलच्या वाटेवर बर्फात अडकला आहे आणि मुलगी दूर भिंतीपाशी आहे. तेथे हे कोण करील, कोणाच्या सांगण्यावरून करील, बापाला ते केव्हा कळेल, हे आपल्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. आपल्याला शेवटाची यादी मिळाली आहे, कथा मिळालेली नाही.

पानगळ

उत्तरवारा यांच्याशी मी सहमत आहे, मात्र मला गाळलेल्या पात्रांबद्दल बोलायचे आहे, कारण मालिकेच्या शेवटाची खरी पडझड तेथून सुरू झाली असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या खंडाच्या उपसंहारात मारली गेलेली कॅटलिन, आर्यासह स्टार्क मुलांची आई, परत येते, गळा चिरलेली, तीन दिवस नदीत राहिलेली, बोलण्यासाठी गळ्याची जखम हाताने दाबून धरावी लागणारी. मालिकेने तिला घेतले नाही. एक भयप्रद प्रसंग कमी झाला, इतकेच त्या वेळी वाटले. पण पुढे ब्रिएन ही तिची पूर्वीची निष्ठावान योद्धी तिच्याच हाती सापडते, फासावर चढवली जाते, आणि पाचव्या खंडात तीच ब्रिएन लॅनिस्टर घराण्यातील सरदार जेमीसमोर येऊन ‘एकटे या’ असे सांगते. जेमीच्या आयुष्याचा पुढचा रस्ता त्या एका भेटीतून फुटतो. कॅटलिन नसल्यामुळे मालिकेतील जेमीला हा रस्ताच मिळाला नाही, आणि अखेरीस तो जेथून निघाला होता तेथेच, त्याची जुळी बहीण आणि प्रेयसी सर्सीजवळ, परत गेला.

मालिकेत तरुण एगॉनचे तर नावही नाही. राजपुत्र रेगारचा मुलगा म्हणवणारा तो मुलगा होडीवर जेमीचा धाकटा भाऊ टिरियनबरोबर सोंगट्यांचा डाव खेळतो आणि हरताना दिसताच पट उधळून लावतो. त्या एका उधळलेल्या पटात त्याचा सगळा स्वभाव दिसतो. पाचव्या खंडाअखेरीस तो सैन्यासह वेस्टरॉसमध्ये, म्हणजे कथेतील मुख्य भूमीवर, उतरलेला आहे. रेगारची बहीण आणि ड्रॅगनची मालकीण डेनेरिस सिंहासनासाठी तेथे पोहोचेल तेव्हा तिच्याच घराण्याचा कोणी दुसरा आधीच लोकांचा लाडका झालेला असू शकतो. हा माझा तर्क आहे, पण तो खरा ठरला तर तिचा एकटेपणा आणि तिचा क्रोध यांना पानोपानी आधार मिळेल. मालिकेला तिचे निर्दय होण्यापर्यंतचे तेच परिवर्तन मोजक्या भागांत उरकावे लागले.

लहान पात्र काढले तरी तोल जातो, हे त्याच कथाविश्वातील ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या दुसऱ्या मालिकेतही दिसले. तिच्या मूळ पुस्तकात, ‘फायर अँड ब्लड’मध्ये, मारेकरी राणी हेलेनाला दोन मुलग्यांपैकी एकाची निवड करायला लावतात. ती धाकट्या मेलॉरचे नाव घेते, मारेकरी थोरल्याला मारतात, आणि आई तुझे मरण मागत होती हे धाकट्याला ऐकवून जातात. तिच्या पुढच्या खचण्याचे मूळ तेथे आहे. मालिकेत मेलॉर नाही, म्हणून ती निवडही नाही. स्वतः मार्टिन यांनी सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या ब्लॉगवर याविषयी जाहीर नाराजी लिहिली होती, नंतर ते लेखन काढून टाकण्यात आले.

जुना वाचक

मालिकेची बाजू थोडी मांडतो. दुसऱ्या पर्वात जॉनची लहान बहीण आर्या आणि जेमीचा बाप टायविन यांचे जे संवाद आहेत ते पुस्तकात कोठेच नाहीत, तेथे ती रॅम्सीचा बाप रूस बोल्टन याची चाकरी करते. तरीही ते प्रसंग मला संपूर्ण मालिकेतील उत्तम प्रसंगांपैकी वाटतात, कारण दोन्ही माणसे पुस्तकात जशी आहेत तशीच तेथे बोलतात. म्हणजे पुस्तकापासून दूर जाण्यात दोष नव्हता. आधाराला पुस्तकच उरले नाही तेव्हा तोल गेला, आणि त्याला विलंबही कारणीभूत आहे.

मी 2000 सालापासून वाट पाहणाऱ्यांपैकी आहे. पहिले तीन खंड 1996 ते 2000 या काळात आले. मग कथेत पाच वर्षांची उडी घ्यायचे मार्टिन यांनी ठरवले होते, म्हणजे मुले आणि ड्रॅगन मोठे झाले असते. मुलांच्या बाबतीत ते जमत होते, इतरांच्या बाबतीत जमेना, म्हणून त्यांनी तो बेत सोडला. मग कथा इतकी वाढली की एका पुस्तकाची दोन करावी लागली: चौथा खंड 2005 मध्ये, पाचवा 2011 मध्ये. जानेवारी 2016 मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की ठरलेल्या मुदती हुकल्या आहेत आणि पुस्तक पूर्ण झालेले नाही. त्याच वर्षीचे सहावे पर्व बहुतांशी प्रकाशित पुस्तकांच्या पुढे निघून गेले. मी तेव्हा ते पाहायचे नाही असे ठरवले होते, पण एका सहकाऱ्याने डब्याच्या सुट्टीत होडोर या पात्राच्या नावाचा उलगडा बोलता बोलता करून टाकला. त्याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण ती एक गोष्ट मला मार्टिन यांच्या पानावर प्रथम भेटायला हवी होती.

शिशिर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जॉनचे ते शेवटचे प्रकरण पुन्हा काढून वाचले. बोवेन मार्शचे अश्रू पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून पूर्णपणे निसटले होते, कारण मालिकेमुळे सुरा येणार हे मला आधीच ठाऊक होते आणि मी त्या ओळी घाईने ओलांडल्या होत्या. आता ब्रिएनची चौथ्या खंडातील सगळी प्रकरणे सलग वाचायला घेत आहे आणि त्यांच्या पाठोपाठ जेमीचे पाचव्या खंडातील ते एकच प्रकरण. ब्रिएन खोटे सांगत आहे हे जेमीला त्या क्षणी जाणवते का, याबद्दल आपणांपैकी कोणाचे काही मत असेल तर जरूर लिहावे.