टिग वेल्डिंग: फिलर रॉडचा गोळा होतोय, मदत हवी आहे

टिग (टॉर्चमधल्या टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विजेच्या आर्कने, म्हणजे ठिणगीने, धातू वितळवून जोडायची पद्धत) शिकायला लागून तीन आठवडे झाले. २ मिमी माइल्ड स्टीलच्या पट्ट्यांवर सराव करतोय. टॉर्च निगेटिव्हला, ७० अँपिअर, आर्गॉन मिनिटाला ८ लिटर. फिलर रॉड (जोडात भर घालायची धातूची काडी) न घालता वितळलेलं डबकं सरळ पुढे न्यायला आता जमतं, आणि ते चकचकीत गोल डबकं बघायला फार आवडतं. पण डाव्या हाताने रॉड आणला की डबक्याला टेकायच्या आधीच त्याच्या टोकाचा गोळा होऊन गळतो. तो सावरायच्या नादात टंगस्टन डबक्यात बुडतं, मग परत ग्राइंडरवर टोक काढा. आज सहा वेळा झालं. टॉर्च फार तिरका धरतोय का, की आर्क लांब पडतोय? आणि रॉड बोटांनी सरकवायचा सराव तुम्ही कसा केलात? कृपया सांगा.