स्विफ्ट झेडडीआय २०१३ : कंपनीचा स्टिरिओ बदलायचाय, दुकानदार म्हणतो वायर कापावी लागेल

अमळनेरचे_सर

राम राम मंडळी. सेकंडहँड घेतलेली स्विफ्ट झेडडीआय आहे, २०१३ ची, डिझेल. कंपनीचा स्टिरिओ ठणठणीत आहे. सीडी, यूएसबी, ऑक्स सगळं चालतं, फक्त ब्लूटूथ नाही. रोज अमळनेर-धुळे जाणं-येणं असतं आणि शाळेचे फोन नेमके मी गाडी चालवत असतानाच येतात. शिवाय आमच्या बोळात गाडी मागे घेताना कॅमेरा हवाच, असा घरच्यांचा धोशा आहे.

जळगावला एका दुकानात विचारलं. नऊ इंची अँड्रॉइड, ‘४ जीबी रॅम’, ‘५० गुणिले ४ वॅट’, कॅमेरा, फ्रेम आणि चार दरवाजांचे स्पीकर, सगळं मिळून २४ हजार. कपलर (वायर न कापता नवा स्टिरिओ जोडायचा तयार जोड) आहे का म्हटलं, तर म्हणे, “कपलरचं काय काम? वायर कापून टेप मारून देतो, पाऊण तासात गाडी घेऊन जा.” इथेच माझं मन कचरलं. स्टीअरिंगवरची बटणं चालतील का, यावर उत्तर ‘बघू’.

आईला आकाशवाणी जळगाव आणि पेनड्राइव्हवरची अहिराणी गाणी लागतात. मला धमाधम बास नको. २५ हजारांच्या वर जायची तयारी नाही. काय करावं?

शहादा_एक्सप्रेस

सर, नुसत्या फोनसाठी एवढा खर्च कशाला? ऑक्समध्ये खोचायचा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, माझ्या जुन्या अल्टोत तोच आहे. फक्त एफएमवर पाठवणारं ते सिगारेट लायटरमधलं यंत्र घेऊ नका, हायवेला मध्येच दुसरं स्टेशन घुसतं. कॅमेऱ्याला आतल्या आरशावर बसणारा स्क्रीन मिळतो.

वायरमन_धुळे

शहादावाले भाऊ चुकीचं नाही सांगू राहिले. सर, दोन दिवस तसं वापरून पाहा. तेवढ्यात भागलं तर पैसे वाचले.

पण बदलायचाच असेल तर त्या दुकानात नका जाऊ. मी धुळ्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो, स्टिरिओ विकत नाही, म्हणून मला कोणाचं कमिशन नाही. पण पाऊण तासात बसवून दिलेल्या गाड्या नंतर माझ्याकडेच येतात ना भो.

काळ्या टेपचं पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डच्या आत हात घालवत नाही. त्या उकाड्यात टेपचा गोंद पाघळतो, टेप घसरते आणि उघडी तार पत्र्याला लागते. नशीब चांगलं असलं तर फ्यूज उडतो. मी अशा गाडीचा स्टिरिओ बाहेर ओढला की बोटं चिकट होतात आणि पिळलेल्या तारा सापासारख्या बाहेर येतात. कंपनीचा सॉकेट मागे कापून कुठे टाकला ते कोणालाच माहीत नसतं. कपलर एका बाजूने मारुतीच्या सॉकेटात बसतो, दुसऱ्या बाजूने नव्या स्टिरिओत. काहीशे रुपयांची वस्तू आहे. मारुतीचा कपलर मिळत नाही म्हणणारा माणूस शोधायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि तुमचा कंपनीचा स्टिरिओ दुकानात सोडून येऊ नका. गाडी विकताना परत लावता येतो.

रंग लक्षात ठेवा. नव्या स्टिरिओच्या बाजूला पिवळी वायर म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरचा, काळी म्हणजे अर्थ, म्हणजे अर्थिंगची. कामचुकार पोरं पिवळी आणि लाल एकत्र पिळून टाकतात. मग चावी काढली तरी अँड्रॉइड जागाच. दिवाळीच्या सुट्टीत गाडी उभी राहिली की बॅटरी बसते, आणि मालक म्हणतो बॅटरीच खराब निघाली. काम झाल्यावर मल्टिमीटर बॅटरीच्या मायनस वायरीत सिरीजमध्ये लावायला सांगा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबून आकडा बघा, ५० मिलिअँपिअरच्या आत पाहिजे. अर्थ कंपनीच्याच वायरीतून घ्या. मिळेल त्या स्क्रूला आवळली तर अॅक्सिलरेटरसोबत कुंईऽऽ असा आवाज स्पीकरमधून चढतो.

आता ते ५० गुणिले ४. तुम्ही सर आहात, तुम्हीच गणित तपासा. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ केला की ५२ च्या जवळ येतं, तिथून तो पन्नासचा आकडा निघतो. पण तो फाटलेल्या आवाजाचा आकडा आहे. स्वच्छ आवाजासाठी १४.४ ला १.४१ ने भागा, दहाच्या जरा वर येईल. त्याचा वर्ग करून ४ ने भागला की २६. ही कागदावरची हद्द झाली. आतली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, स्वतःचे व्होल्ट खाते, म्हणून हातात वीसच्या आसपास येतात. खोक्यावर काहीही छापलेलं असो, वेगळा अॅम्प्लिफायर नसेल तर गणित हेच. तुम्हाला बास नको, तेव्हा वीस वॅट भरपूर झाले. अॅम्प्लिफायरच्या नादी लागू नका.

रॅमचा आकडा सेटिंगमध्येही खोटा दाखवता येतो. दुकानात नकाशा लावा, मागे गाणं चालू ठेवा आणि रिव्हर्स टाकायला सांगा. कॅमेरा उघडायला वेळ लागला तर तो स्क्रीन बोळात काय कामाचा? मी असतो तर नऊ इंचाच्या मागे न लागता नाव असलेल्या कंपनीचा साधा सात इंची टू-डिन (हे स्टिरिओचं ठरलेलं माप) घेतला असता, वायरवर अँड्रॉइड ऑटो चालणारा, म्हणजे फोनमधला नकाशा आणि गाणी स्क्रीनवर आणणारा. टू-डिनचं तोंड १७८ बाय १०० मिलिमीटर असतं. तुमच्या गाडीत कंपनीचा स्टिरिओ डॅशच्या आकारात घडवलेला आहे, म्हणून भोवती स्विफ्टचीच फ्रेम लागेल. स्टीअरिंगची बटणं जुन्या मारुतीत साध्या रेझिस्टन्सवर चालतात. स्टिरिओला ‘की १, की २’ च्या वायरी असल्या की तो एकेक बटण शिकून घेतो. घेताना एवढं पाहून घ्या.

उरलेले पैसे पुढच्या दोन दरवाजांत घाला. मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या, मागे कोण बसून ऐकतं? पुढे साडेसहा इंची कंपोनंट, म्हणजे बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा. बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून स्पीकरचं मॅग्नेट काचेला लागत नाही ना ते पाहायला सांगा. दरवाजाच्या आत प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडून फेकू देऊ नका. पावसाचं पाणी दरवाजाच्या पॅडमध्ये येतं, मग कुबट वास.

आणि एक तपासणी माझ्यासमोर केल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. स्पीकरच्या वायरी स्टिरिओकडून सोडवायच्या, घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, प्लस त्या टोकाला प्लसच्या वायरीला, मायनस मायनसच्या वायरीला, क्षणभर टेकवायचा. टक् आवाज होऊन कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, बाहेर आला पाहिजे. एका बाजूचा बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा आत गेला, तर वायर उलटी आहे. उलटी राहिली तर दोन्ही स्पीकर वाजतात, पण ढोलकीचा दम निघून जातो, आणि माणूस स्पीकरला नावं ठेवत बसतो.

दरवाजाला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) मारायची असेल तर ब्यूटाइल रबराची. डांबराची स्वस्त असते, पण आपल्या उन्हात गाडीत डांबराचा वास सुटतो आणि शीट खाली लोंबते.

झेडडीआयला एअरबॅग आहे. स्टीअरिंगखाली पिवळ्या वेष्टणातल्या वायरी दिसतील, त्यांना टेस्टर सोडाच, बोटही लावू द्यायचं नाही.

बोलेरो_बारा_इंची

वायरमन भाऊ, पाहिजे ते सांगून ठेवलं, पण बास नको म्हणणारा खान्देशी माणूस पहिल्यांदा पाहू राहिलो 😄 माझ्या बोलेरोत मागे बारा इंची वूफर आहे. हेडलाइट बासच्या तालावर मिचकतात. बॅटरी मोठी टाकू का?

वायरमन_धुळे

बोलेरो भाऊ, मोठी बॅटरी गाडी बंद असताना कामाला येते. इंजिन चालू असताना करंट अल्टरनेटर देतो. आधी अॅम्प्लिफायरची वायर किती जाड आहे ते पाहा, बाहेरचं रबर जाड आणि आत चार तारा, अशीही मिळते. मग बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थ साफ करून आवळा. आणि बॅटरीपासून फार तर दीड फुटावर फ्यूज आहे का? नसेल तर आजच गाणं बंद करा. तेवढी जाड वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते.

एरंडोल_पॉलिसी

सर, बिल पक्कं घ्या. गाडीचा फुल विमा असेल तर बाहेरून बसवलेला स्टिरिओ पॉलिसीत इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून लिहून घ्या. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे, म्हणजे विम्याच्या दरपत्रकाप्रमाणे, किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम. लिहिलेला नसेल तर चोरी झाल्यावर कंपनी त्याचे पैसे देत नाही. नुसता थर्ड पार्टी असेल तर हा प्रश्नच नाही.

अमळनेरचे_सर

सगळ्यांचे आभार. ऑक्सवाला रिसीव्हर लावून पाहिला. गाणी ठीक, पण फोनवर समोरच्याला माझ्यापेक्षा डिझेलचा आवाज जास्त जातो. म्हणून धुळ्यातच दुसऱ्या दुकानात सात इंची बसवला, कपलर लावून. कपलर त्यांच्याकडे खणात पडलेलाच होता. वेगळा माइक पुढच्या काचेशेजारच्या खांबावर लावलाय. बटणं शिकवून झाली. सेल लावा म्हटल्यावर तो पोरगा आधी हसला, मग स्वतःच सेल शोधून आणला. डावा उलटा निघाला!

आता एकच अडचण. आकाशवाणी जळगाव पूर्वी अमळनेरच्या पुढेही छान लागायचं, आता अमळनेरातच खरखर. आई रोज विचारते, नवीन आणलं ते जुन्यापेक्षा वाईट कसं?

वायरमन_धुळे

स्टिरिओ खराब नाही. छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी छोटा बूस्टर असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. कंपनीचा स्टिरिओ ते आपोआप द्यायचा. नव्याची निळी वायर मागे मोकळी लोंबत असेल. ती कपलरमधल्या अँटेनाच्या वायरीला जोडायला सांगा. कपलरला ती वायरच नसेल तर १२ व्होल्टवाला अँटेना अडॅप्टर घ्या. निळी-पांढरी पट्ट्याची वेगळी असते, ती अॅम्प्लिफायरची, त्यात गडबड करू नका. तरी खरखर राहिली तर मोबाइलचा चार्जर काढून बघा, हलक्या चार्जरने पण एफएम मरतं.