वेर्ण्याला इंटरव्ह्यू झाला, आता मेल करू की वाट बघू?

सोमवारी गोव्यातल्या वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका फार्मा कंपनीत क्यूसी (औषधांची गुणवत्ता तपासणारा विभाग) केमिस्टसाठी इंटरव्ह्यू दिला, एचआर म्हणाले कळवतो, आज चार दिवस झाले तरी फोन नाही, झोप लागत नाही. विचारलं तर वाईट दिसेल का?

फोंडेकर: अजिबात नाही रे. थँक्यू मेल 24 तासांत गेला असता तर बरं, पण अजून पाठव, चार ओळींचा, एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) जे बोलणं झालं त्याचा उल्लेख कर आणि निकाल साधारण कधी कळेल एवढंच विचार. सारखे फोन नको.

डिचोलीची: आणि काय काय विचारलं ते आजच वहीत लिही. मी लिहिलं नव्हतं, दुसऱ्या राऊंडला तेच आलं नि परत अडकले, अजून वाईट वाटतं.

थँक्स, आत्ताच पाठवतो. दुसरीकडे अर्ज करू ना?

फोंडेकर: कर की! ऑफर लेटर हातात पडेपर्यंत आत्ताच्या नोकरीचा राजीनामा मात्र देऊ नको.