मदत हवी आहे: तांड्यावरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांना शाळेच्या कामात कसे सामील करून घ्यावे?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात राहते. माझी दोन मुले गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकतात आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शाळेत गावठाण, भीमनगर, मुस्लिम मोहल्ला आणि जवळचा बंजारा तांडा अशा सगळीकडची मुले येतात. त्यांतील बऱ्याच मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. शाळेच्या मदतीला मात्र वर्षानुवर्षे गावठाणातील ठरावीक घरेच येतात.

"त्या पालकांना मुलांच्या शिक्षणाची काळजीच नाही," हे वाक्य प्रत्येक बैठकीत एकदा तरी ऐकू येते, आणि ते मला मुळीच पटत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या बाईला सकाळी अकराच्या बैठकीला बोलावले जाते, तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. बैठकीचा निरोप व्हॉट्सॲपवर "सर्व सन्माननीय सदस्यांना कळविण्यात येते की" अशा भाषेत जातो, पण घरातला फोन बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. एवढे करून कोणी आलीच, तर खुर्च्या पुढच्यांनी धरलेल्या असतात आणि ती व्हरांड्यात दाराला टेकून बसते.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे लागते. आमच्या समितीत हे सर्व कागदोपत्री चोख आहे. तांड्यावरच्या एक बाई सदस्य आहेत. बैठक झाल्यावर इतिवृत्ताची वही आणि निळ्या शाईचे पॅड त्यांच्या घरी जाते व त्यांचा अंगठा उमटवून परत येते. ठराव कशाचा होता, हे शाई वाळल्यावरही त्यांना कोणी सांगत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती कामांची वाटणी. पटांगणात मुरूम पसरायचा किंवा पाण्याची टाकी धुवायची असली की निरोप तांड्यावर आणि भीमनगरात जातो, तर पाहुण्यांचे स्वागत आणि स्पर्धांचे परीक्षण गावठाणाकडे राहते. एकाने घाम गाळायचा आणि दुसऱ्याने नारळ फोडायचा, यालाच आपण श्रमदान म्हणणार असू, तर ज्यांनी पाठ फिरवली त्यांना दोष कसा द्यावा?

माझ्या मनात काही कामे आहेत. तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात आणि पहिलीच्या बाईंना ती येत नाही. तेव्हा जून-जुलैत एखादी आई किंवा आजी वर्गात बसली, तर मूल काय म्हणते हे तरी बाईंना कळेल. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावातच राहणाऱ्या, हंगामी वसतिगृहाच्या योजनेतील मुलांजवळ संध्याकाळी बसायला गावात मागे राहिलेले आजी-आजोबा आहेत. मोहल्ल्यातील काही पालक उत्तम शिवणकाम आणि गवंडीकाम करतात. कार्यानुभवाच्या तासाला ते मुलांना शिकवू शकतील, मात्र त्यांना शिकवणाऱ्याचा मान देऊनच बोलवावे लागेल.

बैठकीची वेळ कोणती ठेवावी, बुडालेल्या मजुरीचे काय करावे, आणि आजवर मदतीला येत आलेल्या गावठाणातील पालकांना डावलल्यासारखे वाटू नये म्हणून त्यांच्याशी कसे बोलावे, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त मास्तर, उमरगा:
ताई, "शाळेला मदत करा" असे सर्वांना मिळून सांगितले की कोणीच येत नाही. एका व्यक्तीला, तिच्या दारात जाऊन, एकच काम सांगावे. आमच्या सीमाभागातील शाळेत आम्ही पोषण आहाराची चव पाहण्यापासून सुरुवात केली. वाटपापूर्वी अन्न चाखून नोंद करायचीच असते आणि ती बहुतेक वेळा शिक्षकच उरकून टाकतात. आम्ही रोज एका आईला बोलावू लागलो. पंधरा मिनिटांचे काम, लिहिता-वाचता येण्याची अट नाही, आणि खिचडीत मीठ कमी आहे हे सांगण्याचा अधिकार तिचा! सर्व वस्त्यांतील आया एकाच पातेल्यातले चाखू लागल्या, तेव्हा सुरुवातीला कुजबुज झाली. मुख्याध्यापकांनी त्या दिवसांत स्वतः रोज उपस्थित राहिले पाहिजे. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

तांड्यावर जाताना नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, आधी कळवावे, पण बोलणे बायकांशीच करावे. वेळ म्हणाल, तर बाजाराचा दिवस पाहा. आमच्याकडे त्या दिवशी मजुरीला सुटी असते.

तांड्याची लेक, नांदेड:
माझी याडी (आई) अशाच एका समितीत होती, म्हणून लिहिते. आमच्या बायकांना 15 ऑगस्टला आणि 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, फेटिया-कांचळी (आमचा घागरा-चोळीचा पारंपरिक पोशाख) घालून नाचायला आवर्जून बोलावतात आणि नंतर वर्षभर विसरतात. तुम्ही सुचवलेले वर्गात बसण्याचे काम मला म्हणूनच आवडले, पण तिला मागच्या कोपऱ्यात बसवू नका आणि बाईंनी मुलांसमोर तिला नावाने व आदराने हाक मारावी.

मजुरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पैसे देऊ नका, कारण मग कोणाला दिले आणि कोणाला नाही यावरून भांडणे होतात. पण रोज बुडेल अशा वेळी बोलावूही नका. शनिवारी शाळा सकाळची असते आणि बायका शेतावर बऱ्याच उशिरा निघतात. त्याआधीचा तासभर मागा. कोयत्यावर जाणाऱ्या घरांना दिवाळीनंतर काही सांगण्यात अर्थ नाही, जूनमध्येच सांगा. आणि अंगठ्याआधी ठराव मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम सातवीच्या मुलींना द्या. त्या कोणाला भीत नाहीत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. शनिवारची वेळ आणि चव पाहण्याची पाळी हे दोन्ही विषय मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे, आणि बैठक तांड्यावरच्या समाजमंदिरात घ्यावी असाही आग्रह धरणार आहे. सरांना एक विचारायचे आहे: आयांच्या पाळ्या वस्तीवार लावल्या होत्या की मुलांच्या हजेरीपटाच्या क्रमाने? वस्तीवार लावल्यास पुन्हा "त्यांचा दिवस, आपला दिवस" असे व्हायचे, अशी मला शंका आहे. समितीच्या ठरावाचा नमुना जपून ठेवला असल्यास कृपया इथे द्यावा.